सतरा नंबरची तार

जावईबापूंच्या घरात चहा सगळ्यांना काठोकाठ मिळायचा, फक्त तात्यांना अर्धा कप. यात कंजूषपणा नव्हता. तात्यांचा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, बशीतला मांडीवर येतो आणि भाजतं, म्हणून त्यांच्या लेकीने पाच वर्षांपूर्वी हा नियम घालून दिला होता. तो घरात इतका मुरला होता की ट्रेमध्ये निम्मा रिकामा कप दिसला की तो तात्यांचा, हे पाहुण्यांनाही कळायचं. तात्यांचा हात खरोखर थरथरतो का, हे मात्र कुणी कधी नीट निरखून पाहिलं नव्हतं. तसं एका अहवालात लिहिलं होतं, आणि तो अहवाल जावईबापूंनी लिहिला होता.

जावईबापू म्हणजे तात्यांचे जावई, हे उघडच आहे. पण प्रयोगशाळेतही सगळे त्यांना पाठीमागे जावईबापूच म्हणत. तात्या तिथले जुने तंत्रज्ञ. जावईबापू इंजिनियर म्हणून लागले, एकटे राहायचे, दुपारचा डबा नसायचा. तात्या आपल्यातलं द्यायचे. मग डब्यात कुणाच्या हाताची चव आहे याची चौकशी झाली, आणि गडी नोकरीत कायम व्हायच्या आधी तात्यांच्या घरात कायम झाला. हुद्द्याने जावई वर, सासरा खाली. तात्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. फाटकाच्या आत ‘साहेब’, फाटकाबाहेर ‘जावईबापू’, आणि दोन्हीकडे ‘तुम्ही’.

तिथलं काम होतं उष्णता मोजण्याचं. जेट इंजिनात एकामागे एक दोन टर्बाइन असतात. पुढच्यातून निघालेली तापलेली हवा मागच्याकडे ज्या वळणदार नळीतून जाते तिला डक्ट म्हणतात. ही हवा डक्टच्या भिंतीला कुठे किती उष्णता देते, हे आधी जमिनीवर मोजून पाहावं लागतं, कारण भिंत एखाद्या जागी फाजील तापली तर तिथे तडा जातो, आणि तडा जायला विमान काही रस्त्याच्या कडेला उभं नसतं. मोजायच्या पद्धती दोन. पहिली थर्मोकपलची. केसाइतक्या बारीक, वेगवेगळ्या धातूंच्या दोन तारा टोकाशी जोडायच्या, तो जोड भिंतीतल्या खाचेत चिकटवायचा, आणि तिथलं तापमान मीटरवर वाचायचं. दुसरी कॅमेऱ्याची. हा कॅमेरा उजेड नाही, उष्णता बघतो. डक्टला एका बाजूने खिडकी ठेवायची, आतली भिंत काळ्या रंगाने रंगवायची, आणि कॅमेऱ्याला तिच्याकडे टक लावून बसवायचं.

तारा बसवायचं काम तात्यांचं. त्यांची एक रीत होती. तार चिकटवण्याआधी तिचा जोड ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरत आणि मीटरवरचा आकडा थांबेपर्यंत हलत नसत. थंडीत आधी हात काखेत दाबून बसत. “माझी बोटं चौतीस अंश,” ते म्हणायचे. “तार चौतीस म्हणाली तर शहाणी. नाही म्हणाली तर कचऱ्यात.” मग वहीत नंबर आणि त्यापुढे आकडा. अशी तीस वर्षं आणि अशा अकरा वह्या. कॅमेरा जावईबापूंचा. खिडकीची काचही खास होती, उष्णतेला आरपार पण डोळ्याला थेट आरशासारखी. जावईबापू रोज सकाळी तिच्यात बघून भांग पाडत.

पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका नव्या इंजिनाचा डक्ट चाचणीला आला होता. प्रयोगशाळेचं छत दोन मजले उंच, दारांना फटी, आणि जावईबापूंची छाती आधीच नाजूक. ते दिवसभर खोकत. चौथ्या दिवशी तात्यांनी घरून दोन कांड्यांचा हीटर उचलून आणला आणि त्यांच्या खुर्चीमागे ठेवला.

“साहेब, पाठीशी असू दे. तुम्ही अंथरूण धरलंत तर आमच्या लेकीला सुट्टी काढावी लागेल.”

त्याच आठवड्यात कॅमेऱ्याला डाग दिसला. डक्टच्या बाहेरच्या भिंतीवर, वळणाच्या जरा पुढे, शेंगदाण्याच्या आकाराचा एक ठिपका आजूबाजूच्या भिंतीपेक्षा अकरा अंशांनी तापलेला. गणितात तो नव्हता. कुठल्या पुस्तकात नव्हता. जावईबापूंचे हात आनंदाने गार पडले. माणूस आयुष्यभर भिंतींची तापमानं मोजतो, ती अंदाजाप्रमाणे निघतात, तो सही करतो आणि घरी जातो. इथे भिंतीने पहिल्यांदाच काहीतरी वेगळं सांगितलं होतं, आणि तेही त्यांना.

अडचण एकच होती. ठिपक्याच्या बरोबर मधोमध सतरा नंबरची तार होती, आणि तिचं म्हणणं होतं की इथे काही नाही.

“साहेब, सतरा नंबर म्हणतेय भिंत बाकीच्यासारखीच आहे,” तात्या म्हणाले.

“तात्या, कॅमेरा एका दमात चाळीस हजार जागा बघतो. तुमची तार एकच.”

“एकच, पण हात लावून बघते.”

जावईबापू हसले होते. तो दिवस आठवला की पुढे त्यांना डागापेक्षा, अहवालापेक्षा, ते स्वतःचं हसूच जास्त टोचायचं.

अहवालात त्यांनी लिहिलं: ‘सतरा क्रमांकाचे थर्मोकपल भिंतीस पूर्णतः टेकलेले नसल्याने त्याचे माप ग्राह्य धरू नये. संबंधित तंत्रज्ञाच्या हाताच्या स्थिरतेची तपासणी व्हावी.’ दुसरं वाक्य प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी सुचवलं होतं, असं ते पुढे स्वतःला सांगत. पण साहेब नुसते “कारण काय लिहिणार?” एवढंच म्हणाले होते. हात, स्थिरता आणि तपासणी हे तिन्ही शब्द जावईबापूंचेच.

पुढे सगळं झटपट झालं. त्या जागी भिंतीला गार हवा सोडणाऱ्या भोकांच्या दोन जादा ओळी पाडल्या गेल्या. उन्हाळ्यात सुधारलेल्या डक्टची पुन्हा चाचणी झाली आणि डाग गायब. टाळ्या झाल्या. जावईबापूंना बढती मिळाली आणि सन्मानपत्राची एक लाकडी चौकट मिळाली, ती बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर लागली. तात्यांना भांडारात पाठवलं. तिथे त्यांनी दोन वर्षं खोकी मोजली आणि निवृत्त झाले.

पहिले काही महिने तात्या वाद घालायचे. “मी बोटांत धरून पाहिली होती,” म्हणायचे. लेकीने एकदा त्यांना ऐकवलं, “तात्या, वय झालं की होतं असं. मान्य करायला काय जातं?” मग ते गप्प झाले. आधी शेजारपाजारची घड्याळं, मिक्सर, खेळणी त्यांच्याकडे यायची. आता कुणी काही आणलं तर ते स्वतःच म्हणायचे, “दुसरीकडे दाखवा. माझ्या हाताचं काही खरं नाही.” हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. आणि कपातला चहा निम्म्यावर आला.

ही झाली मागची कथा. आता या हिवाळ्याची.

नवं इंजिन आलं, नवा डक्ट आला. याचं वळण वेगळं, लांबी वेगळी, सगळंच वेगळं. तारा आता बाहेरची एक कंपनी बसवून द्यायची. जावईबापू तेच, कॅमेरा तोच, खिडकीही तीच, आणि खुर्चीमागे दोन कांड्यांचा तोच हीटर. सकाळी अकराच्या सुमारास सगळे चहाला गेले असताना पडद्यावर त्यांना डाग दिसला. शेंगदाण्याच्या आकाराचा. वळणाच्या जरा पुढे.

जावईबापूंचा पहिला विचार, खरं सांगायचं तर, असा होता की आता दुसरी चौकट कुठे लावायची. मोठ्या साहेबांना फोन करायला ते उठले आणि त्यांचा पाय हीटरला लागला. हीटर वीतभर सरकला.

पडद्यावरचा डागही सरकला.

जावईबापू उभेच राहिले. मग त्यांनी पायानेच हीटर पुन्हा मागे ढकलला. डाग जागेवर आला. उजवीकडे ढकलला, डागही उजवीकडे गेला. त्यांनी हीटर बंद केला. कांड्या लालच्या काळ्या होत गेल्या आणि पडद्यावर डाग विझत विझत भिंतीत मिसळून गेला. पुन्हा चालू केला. पुन्हा उगवला. त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. रोज जिच्यात ते भांग पाडायचे त्या काचेत त्यांचा चेहरा होता, आणि खांद्याच्या मागे दोन लाल कांड्या.

नियम नव्हता असं नाही. रोज काम सुरू करण्याआधी डक्ट गार असताना कॅमेऱ्याचं एक चित्र घ्यायचं, म्हणजे बाहेरचं काही काचेत चमकत असेल तर आधीच कळतं. जावईबापू ते चित्र न चुकता घ्यायचे. आठ वाजता घ्यायचे, आल्या आल्या. हीटर लावायचे नऊला, हात गारठायला लागल्यावर. नोंदवहीत रोज लिहायचे, ‘प्रतिबिंबे तपासली, काही नाही.’ आणि दुसरी चाचणी उन्हाळ्यात झाली होती, तेव्हा हीटर टेबलाखाली धूळ खात पडला होता. भोकांनी काही बरं केलं नव्हतं. बरं करण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

 मग त्यांना एक गोष्ट आठवली. जुना डक्ट अजून इथेच होता, मागच्या मांडणीवर, त्यांच्या खुर्चीपासून बावीस पावलांवर. ‘भिंतीस पूर्णतः टेकलेले नाही’ हे त्यांनी लिहिलं होतं, पण उघडून पाहिलं नव्हतं. तेव्हा नाही आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत नाही. ते गेले, धूळ पुसली, सतरा नंबरची जागा शोधली आणि बारीक पातं घेऊन तार सोडवायला लागले. ती सुटेना. पात्याचं टोक मोडलं. दुसरं घेतलं. तात्यांनी तो जोड भिंतीला इतका घट्ट बसवला होता की शेवटी भिंतीचा नखाएवढा तुकडा त्याच्याबरोबर निघून आला. जावईबापू तो तळहातावर घेऊन मांडणीपाशी उभे राहिले. त्या क्षणी कुणी येऊन एक मुस्काटात दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण सगळे चहाला गेले होते.

दुपारी ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कुणी पाहिलं?”

“कुणी नाही. मीच.”

“मग राहू द्या की. जादा गार झाल्याने भिंतीचं काय बिघडलं? इंजिनं व्यवस्थित उडतायत. थोडी हवा फुकट जातेय, जाऊ दे. पुढच्या अहवालात खाली एक ओळ टाका, की हीटर वापरू नये. विषय संपला.”

“पण तात्या...”

“ते निवृत्त झाले ना? आता त्यांना कुठल्या पदावर परत घेणार आहात? जुनी खपली काढू नका. तुमचीही आणि त्यांचीही.”

“बरोबर आहे,” जावईबापू म्हणाले.

ते असं म्हणाले, आणि बाहेर आल्यावर त्यांना भूक लागली. सकाळपासून घशाखाली काही उतरत नव्हतं, आता डबा चाटूनपुसून संपवला. शेवटचा घास तोंडात असताना त्यांना कळलं की आपल्याला हायसं वाटतंय. तो घास त्यांना गिळवेना.

दोन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सतरा नंबर एका लहान डबीत घालून खिशात ठेवली होती. खोलीत तात्या आले की उगाच फोन काढायचे, आणि अर्ध्या कपाकडे पाहायचं टाळायचे. पण न बघायचं ठरवलेली वस्तू घरभर दिसते.

रविवारी सकाळी इस्त्रीची वायर तुटली. बायको प्लगपाशी लोंबणाऱ्या वायरीकडे बघून म्हणाली, “एवढंसं तर आहे. तात्या...” आणि तिथेच थांबली.

तात्या वर्तमानपत्रामागून म्हणाले, “जावईबापूंना दे. माझ्या हाताचं काही खरं नाही.”

जावईबापूंनी आयुष्यात कधी वायर जोडली नव्हती. वायर जोडायला त्यांच्या हाताखाली माणसं असत, त्यातले एक इथे बसले होते. त्यांनी कातरीने वरचं वेष्टण सोललं, दोन तारा पिळल्या, वर चिकटपट्टीचे इतके वेढे दिले की वायरीला टेंगूळ आलं. तात्यांनी पेपर खाली केला, तो जोड हातात घेतला, उलटसुलट पाहिला. त्यांच्या तरुणपणी असा जोड कुणी केला असता तर त्यांनी तो त्याच्या अंगावर भिरकावला असता.

“छान झालाय,” ते म्हणाले. “मला एवढंही जमलं नसतं.”

जावईबापूंना ते ऐकवेना. शरमेने त्यांचे कान तापले, मान तापली. बाहेर निघून जावं, खरोखर कुठेतरी निघून जावं, असं वाटलं. पण ते गेले नाहीत. खिशातली डबी काढून त्यांनी तात्यांच्या समोर ठेवली.

“तात्या, सतरा नंबर बरोबर होती.”

“कुठली सतरा नंबर?” तात्या म्हणाले. पण पेपरची घडी घालणारा हात तिथेच थांबला.

जावईबापूंनी सांगितलं. काच, कांड्या, आठ वाजताचं चित्र, नऊ वाजताचा हीटर, सगळं. सांगताना ते इस्त्रीकडे बघत होते. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती.

“हीटर म्हणजे आपला? दोन कांड्यांचा?” तात्यांनी विचारलं.

“हो. तुम्हीच दिलेला.”

“अजून चालतो?”

“चालतो.”

“चांगला निघाला म्हणायचा,” तात्या म्हणाले, आणि डबी उघडून त्यांनी तो नखाएवढा तुकडा उजेडात धरला.

बायकोला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. “म्हणजे तात्यांच्या हाताला काही झालंच नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी पाच वर्षं...” तिने स्टुलावरच्या अर्ध्या कपाकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की संसाराच्या इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. “मी त्यांना माना म्हटलं. माझ्या बापाला मी म्हटलं, मान्य करा! तुमच्या कागदावर विश्वास ठेवून. तुम्हाला एकदा उघडून बघता आलं नाही? बावीस पावलं?”

“नाही बघितलं.”

“का?”

“ती घट्ट बसलेली निघाली असती तर माझा डाग गेला असता.” जावईबापू म्हणाले. “मला ती चुकलेलीच हवी होती.”

बायको आत निघून गेली. स्वयंपाकघरात नळ चालू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला.

तात्या तुकड्याकडे बघत होते. “ऑफिसात सांगितलंत?”

“मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, राहू द्या.”

“आणि तुम्ही?”

“मी... बरोबर आहे म्हणालो.”

तात्यांनी डबीचं झाकण लावलं. ते कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. “मग मला घरात कशाला सांगताय, जावईबापू? घरातनं मला कुणी काढलं नव्हतं. जिथनं काढलं, तिथं सांगा.”

सोमवारी दहा वाजता प्रयोगशाळेची आठवड्याची बैठक असे. पंधरा-सोळा जण यंत्राभोवती उभे राहत आणि मोठे साहेब खुर्चीत बसत. त्या दिवशी तात्याही आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. फाटकाशी येईपर्यंत ते “जावईबापू, सावकाश” म्हणत होते. फाटक ओलांडलं आणि म्हणाले, “चला साहेब.” तीन वर्षांनी आले होते, तरी जीभ विसरली नव्हती.

त्यांना बघताच मोठ्या साहेबांना काय ते कळलं. त्यांनी जावईबापूंकडे बघून डोळ्यांनीच नको म्हटलं. जावईबापूंनी आदल्या संध्याकाळी बोलायचं सगळं लिहून काढलं होतं, पण कागद खिशातच राहिला. ते हीटरपाशी गेले आणि त्यांनी तो चालू केला. पडद्यावर डाग उगवला. त्यांनी हीटर पायाने सरकवला. डाग सरकला.

“याच्यासाठी मला बढती मिळाली,” ते म्हणाले. “आणि याच्यासाठी तात्यांना भांडारात पाठवलं. त्यांची तार बरोबर होती. ती भिंतीला टेकलेली नाही असं मी लिहिलं ते न बघता लिहिलं. आणि त्यांच्या हाताबद्दल जे लिहिलं...” ते तात्यांकडे वळले. “ते खोटं होतं. मला कारण हवं होतं, म्हणून लिहिलं.”

कुणीतरी हसावं, कुणीतरी शिवी घालावी, असं त्यांना वाटत होतं. सगळे पडद्याकडे बघत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी मागून एक इंजिनियर बाई म्हणाल्या, “मग ती भोकं? दर उड्डाणाला तेवढं इंधन जादा जळतंय की.”

“कळवावं लागेल,” मोठे साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “लेखी द्या.”

“दिलंय,” जावईबापू म्हणाले आणि पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

तेवढ्यात तात्या मीटरपाशी गेले होते. त्यांनी डबीतला तुकडा काढला, तारेची दोन टोकं मीटरला लावली. टोकं एका झटक्यात लागली नाहीत. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली. तात्यांचा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसेल इतका थरथरत होता. पाच वर्षांपूर्वी नव्हता, आता होता. जावईबापू मदतीला पुढे झाले, पण तात्यांनी कोपराने त्यांना मागे सारलं. तिसऱ्या खेपेला टोकं लागली. त्यांनी उजवा हात काखेत दाबला, थांबले, आणि मग जोड दोन बोटांत धरला. बोटं हलत होती. मीटरवरचा आकडा चढत गेला, एकतीस, तेहतीस, आणि चौतीसवर जाऊन थांबला.

तात्यांनी पिशवीतून वही काढली. अकरावी. सतरा नंबरचं पान खुणेसाठी दुमडलेलं होतं. तिथे निळ्या शाईत ‘१७ – ३४’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली वेगळ्या, काळ्या शाईत, वाकड्या अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. जावईबापूंनी त्या पहिल्यांदाच पाहिल्या.

‘चूक माझी.’

‘हात गेला.’

“हे मी भांडारात असताना लिहिलं,” तात्या म्हणाले. “घरी लेक सांगत होती, इथे तुम्ही सांगत होता. मला वाटलं, एवढी माणसं म्हणतायत तर असेल. साहेब, तुमच्या हातानं खोडा.”

जावईबापूंनी पेन घेतलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे रेघ धड दिसत नव्हती. त्यांनी पहिली ओळ खोडली आणि पेन दुसरीवर नेलं. तात्यांनी वहीवर हात ठेवला.

“ती राहू द्या. ती आता खरी आहे.”

बैठक संपली की तिथे चहा येई. ट्रे फिरला, आणि सगळ्यांबरोबर तात्यांच्याही हातात कप आला, काठोकाठ भरलेला. अर्ध्या कपाचा नियम घरचा, इथे तो कुणाला माहीत नव्हता. चहा डुचमळला आणि बशीत उतरला. तात्यांनी कप टेबलावर ठेवला, ट्रेमधला एक रिकामा कप ओढला आणि दोन्ही हातांनी धरून, सावकाश, त्यात अर्धा चहा ओतला.

“काय करू, साहेब, सवय झालीय,” ते म्हणाले, आणि दुसरा अर्धा कप त्यांनी जावईबापूंपुढे सरकवला.

जावईबापूंनी तो घेतला. मान वर न करता, सगळ्यांसमोर, उभ्यानेच पिऊन संपवला.